कपाटाचा रंग

भिंतभर पसरलेल्या काळपट कपाटाला सुनेनं रंगांचं कार्ड लावून लावून पाहिलं. भिंतींसाठी एकही रंग त्याच्याशी जुळेना.

"आजी, कपाटच पांढरं करून टाकू," पेंटर म्हणाला. "असलं काळं पॉलिश आता कोण ठेवतं?"

मी खण पूर्ण बाहेर ओढला आणि त्याची आतली बाजू दाखवली. तिथलं लाकूड मधासारखं पिवळसर होतं.

"आणलं तेव्हा बाहेरूनही असंच होतं. पॉलिश कधी केलंच नाही. बावन्न वर्षं दर रविवारी जवसाचं तेल चोळलंय. पोटच्या पोरांनाही एवढं चोळलं नसेल!"

सुनेनं कार्ड मिटलं आणि तो खणच पेंटरच्या हातात दिला.

"भिंतींना हा आतला रंग द्या. कपाटाला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, उद्या रविवार. तेल कुठे ठेवलंय?"