रुमालाखालचा निकाल

कल्याणनं टेबलावर तीन डबे मांडले, डबा बदलायच्या खटक्याची पेटी पुढं ठेवली आणि डब्यांवर बसंतीबाईंचा धुतलेला टॉवेल टाकला.

"आता तिन्ही सारखेच," तो म्हणाला. "शेठजी, किंमत बघून निवडायचं न्हाई."

"किंमत बघून मी कापूससुद्धा घेतला न्हाई कधी," रामनिवासजी म्हणाले. ते बोलले की समोरच्या गल्लीला कळायचं. चाळीस वर्षं जिनिंगच्या घरघरीत उभं राहून आवाज तसाच चढून बसला होता.

कल्याण मूळचा टेंभुर्णीचा. जालन्यात पंचवीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आला होता. बसंतीबाईंना त्यानं समजावून सांगितलं. "काकी, फोनमधी गाणं नसतंय, नुसते आकडे असतेत. त्या आकड्यांचा सूर करायचा, एवढंच या डब्यांचं काम. एकात सगळं एका चिपवर होतंय. आवाज स्वच्छ, पण लोक कोरडा म्हणतेत. दुसऱ्यात बारीक बारीक रेझिस्टरची शिडी केलेली असती. त्यो भरीव वाजतो. अन् एकाला पुढं व्हॉल्व्ह लावलाय, जुन्या रेडिओवानी. लई गोड. पण पदरचं थोडं घालतो."

"म्हंजे व्हॉल्व्हवाला आपला मुनीम," रामनिवासजी कल्याणच्या तोंडाकडे टक लावून बघत म्हणाले. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची त्यांची व्यापारी सवय होती. "आणि चिपवाला सीए. हिशेब बराबर, बोलणं कोरडं."

"मंग शिडीवाला कोण?"

"ते ऐकल्यावर सांगतो."

बसंतीबाई हसल्या. त्या अलीकडे अशाच, दोघं हसले की हसत.

दिवाळीपासून त्यांना गाणं ऐकू येत नव्हतं. आधी बारीक सूर गेले, मग ढोलकी गेली. नवऱ्याचं ओरडून बोलणं तेवढं पोचायचं, बाकीच्यांचं ओठांवरून उमजून घ्यायचं. पुण्याहून एकताचा फोन आला की रामनिवासजी तो लगेच त्यांच्या हातात द्यायचे. "तुझी लेक आहे, तूच बोल." त्या कानाला लावायच्या, "सगळं बरं आहे बेटा," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या.

सांगायचं धाडस होत नव्हतं. घनसावंगीचे मोठे दीर बहिरे झाले, तेव्हा सख्खा भाऊ असून रामनिवासजींनी त्यांच्याकडे जाणं सोडलं होतं. "काय बसायचं तिथं," एवढंच म्हणाले होते. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. दुकान, जिनिंग, मुलं, देणीघेणी या सगळ्यात नवरा शेजारी असा बसायचा तो दुपारच्या चहानंतरचा एकच तास, गाण्याचा. तो गेला की काय उरलं.

आणि आजचं गाणं तर घरचंच होतं. त्यांच्या लग्नात बायकांनी म्हटलेली बन्ना-बन्नीची, म्हणजे नवरानवरीची, गाणी कोणा हौशी मामानं टेपवर घेतली होती. एकतानं ती फोनमध्ये उतरवून दिली. त्यात बसंतीबाईंच्या आईचा आवाज होता. तिसऱ्या कडव्याला आई हसायची आणि सगळ्या बायकांचा ताल चुकायचा. आईचा आवाज ज्या डब्यातून नीट येईल तो घ्यायचा, असं रामनिवासजींनी ठरवलं होतं.

कल्याण स्पीकरच्या मागं वाकून जोडाजोडी करत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मंठा चौफुलीजवळच्या मंगल कार्यालयात माईक बंद पडला होता आणि वरात दारात आली होती.

"आलोच," तो उठला. "खटक्यावर एक, दोन, तीन. आवाजाच्या बटणाला खूण केलीय, ती हलवू नका. मोठा वाजला की कुठलाबी डबा चांगलाच वाटतो."

तो गेला. रामनिवासजींनी खांद्यावरचा रुमाल काढला. अडतीत असताना भाव असाच ठरायचा. रुमालाखाली हातात हात, बोटांनी आकडा, तोंडातून चकार शब्द नाही.

"गाणं होईपर्यंत बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "तिन्ही झाले की बोटं दाबायची. म्हंजे एकमेकाचं बघून कोणी सांगणार न्हाई."

त्यांनी फोनवर गाणं लावलं. पडद्यावर सेकंद सरकू लागले. रुमालाखाली त्यांच्या बोटांनी बसंतीबाईंच्या तळव्यावर ढोलकीचा ठेका धरला. बसंतीबाईंना एवढंच हवं होतं. गाणं त्यांना तोंडपाठ होतं. ठेक्याबरोबर त्या मनातल्या मनात आईच्या मागे चालत राहिल्या.

गाणं संपलं. खटका दोनवर आला. या वेळी तिसऱ्या कडव्याशी त्या ओळखीच्या जागेवर रामनिवासजींची बोटं थांबली, तिथं जरा चुकली, आणि पुन्हा चालू लागली. बसंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तेही त्यांच्याकडेच बघत होते.

तीनवर काही विशेष झालं नाही.

बसंतीबाईंनी दोन बोटं दाबली. नवऱ्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यानंही दोनच दाबली.

"बघ," रामनिवासजी खूश होऊन म्हणाले. "बावन्न वर्षांत पहिल्यांदा एका बोलीत सौदा झाला. तुझ्या अम्मा हसल्या ती जागा कशी आली दोनमध्ये."

"शेजारी बसल्यासारखी," बसंतीबाई म्हणाल्या. डोळे पुसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. आज निभावलं, म्हणजे उद्याही निभावेल.

"मला एकात त्या जरा लांब वाटल्या," रामनिवासजी म्हणाले. "तीनमध्ये नको तेवढ्या गोड. दोन नंबर शिडीवालाच असणार. पक्का."

दारात कल्याण उभा होता. घामानं निथळत होता आणि हातात वायरीचं नवंकोरं भेंडोळं होतं.

"शेठजी, लई वेळ बसवून ठिवलं तुम्हाला," तो चपला काढत म्हणाला. "स्पीकरच्या वायरी गाडीच्या डिकीतच राह्यल्या व्हत्या. या जोडतो, मंग ऐकायला सुरू करा."