वरीलप्रमाणे

साहेबांनी नोंदवही तिच्याकडे फिरवली आणि एका रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"वाचता येतं ना, आजी? 'घरात नळ आहे का?' त्याच्यापुढे काय लिहिलंय?"

"आहे," तिने वाचलं.

"मग टँकर कशाला हवा?"

तिने चष्मा नाकावर नीट बसवला. पहिल्या ओळीत तिचं घर होतं. गल्लीच्या तोंडाशी असल्यामुळे नगरपालिकेच्या सगळ्या मोजण्या तिच्यापासूनच सुरू होत. खाली बाकीची एकवीस घरं होती आणि प्रत्येकासमोर त्याच वळणदार अक्षरात एकच शब्द होता. शिंप्याचं घर, वरीलप्रमाणे. रद्दीवाल्याचं घर, वरीलप्रमाणे. गल्लीच्या टोकाचं तीन वर्षांपूर्वी पडलेलं घर, ज्याची आता नुसती चौकट उभी होती, तेही वरीलप्रमाणे.

सोबत आलेला शिंपी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"वहिनी, तुमच्या पुण्याईने चौकटीलासुद्धा नळ आला बघा," तो म्हणाला.

गल्लीत नऊ दिवस हेच चाललं होतं. टँकर बंद का झाला, हे कुणीतरी पाणीखात्यात विचारून आलं, तेव्हापासून बायका तिला नळवाली म्हणू लागल्या होत्या. पहिले दोन दिवस हसून, मग न हसता. हमरस्त्यापलीकडच्या गोदामातून प्रत्येक घराला दिवसाला दोन कळश्या मिळत. तिच्या घरी सून बाळंतीण होती. सतरा दिवसांच्या बाळाला काल एका तांब्यात पुसून घेतलं होतं.

पाहणीला आलेला माणूस तिला चांगला आठवत होता. ऊन मी म्हणत होतं. त्याने पाणी मागितलं, तिने पिंपाची तोटी सोडून पेला भरून दिला. तो प्यायला, आणखी एक मागितला, आणि म्हणाला, नळ आहे वाटतं. ती हो म्हणाली. जरा मिरवूनच म्हणाली. मग तो गल्लीत शिरलाच नाही. तिच्याच ओट्यावर, तिच्याच सावलीत बसून त्याने वही भरली आणि जाताना तिसरा पेला प्यायला. तिन्ही पेले टँकरचे होते.

हे सगळं तिने साहेबांना सांगितलं. तोटीचंही सांगितलं. तिचा नवरा याच खात्यात फिटर होता. बत्तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत पाणी नेलं. आपल्या गल्लीत लाइन येईल त्या दिवशी बसवायची म्हणून एक पितळी तोटी आणून ठेवली होती. अधूनमधून काढून राखेने लख्ख घासायचा आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचा. लाइन आली नाही. तो गेल्यावर तिने ती प्लास्टिकच्या पिंपाला बसवून घेतली, एवढंच.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस उद्धट नव्हता. त्यांनी पंखासुद्धा तिच्या बाजूला वळवला. मग समजावून सांगितलं, की गरिबी हटवायच्या यादीत घरात नळ असला की पाच गुण कमी होतात, आणि त्या पाच गुणांनी त्यांची गल्ली आता सुस्थितीतल्या वस्त्यांत गेली होती. नोंद बदलायची तर नळ काढल्याचा दाखला लागेल. दाखल्याच्या अर्जात जोडणी क्रमांक लिहावा लागेल.

"जोडणीच नाही, तर क्रमांक कुठला लिहू?"

"तीच तर अडचण आहे, आजी. जोडणीच नसेल तर नळ काढता कसा येईल?"

त्यांच्या मागच्या भिंतीवर शहराचा नकाशा होता. पाणी पोचलेला भाग निळा, न पोचलेला पांढरा. नकाशात पांढरं काही उरलेलं नव्हतं. गुरुवारी त्याबद्दल साहेबांचा सत्कार होता. एक गल्ली पांढरी करायची तर सगळाच कागद पुन्हा छापावा लागतो, हे त्यांनी थोडं ओशाळूनच सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी होईल, तेव्हा बघू, असंही म्हणाले.

"पुढच्या वर्षी नातू चालायला लागेल," ती म्हणाली. "तोवर त्याला कशाने धुऊ?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

तिने पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. सकाळीच तिने शिंप्याकडून ते पिंपापासून सोडवून घेतलं होतं. पिंप तसंही रिकामंच होतं. फडकं उलगडून तिने ती पितळी तोटी उघड्या नोंदवहीवर, बरोब्बर आपल्या नावाच्या ओळीवर ठेवली.

"हा घ्या नळ. आता घरात नाही. तिथे 'नाही' लिहा. आणि खाली एकवीस वेळा वरीलप्रमाणे."

शिंपी आता गंमत करत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचं टंकन थांबलं होतं.

"आजी, अहो, हा काय नळ आहे?" साहेब म्हणाले.

"तुमच्या वहीत आहे."

 साहेबांनी एकदा वहीकडे पाहिलं, मान वळवून नकाशाकडे पाहिलं, आणि पुन्हा वहीकडे.

"बरं, खात्री करून देते," ती म्हणाली. तिने तोटी उचलली, वहीच्या वर धरली आणि तिचा कान पिळला.

भिजू नये म्हणून साहेबांनी नोंदवही झटकन मागे ओढली.