यादीतलं जळगाव

"अमेरिकेतल्या जाहिरातवाल्याला मराठी काय डोंबल कळणार?" सोबत काम करणाऱ्या हिलालने विचारलं.

"न कळू दे. लिहिताना मला बरं वाटलं," पितांबर म्हणाला.

धुळ्याच्या एका कॉलेजात पितांबर मेल सर्व्हर सांभाळायचा. अठ्ठ्याण्णव साल होतं. ईमेल उतरवून घेताना फोनचं बिल चढायचं, आणि त्यात निम्म्या फुकटच्या जाहिराती. म्हणून त्याने अशा जाहिराती पाठवणाऱ्या मशीनची परदेशात तयार होणारी काळी यादी लावून घेतली. यादीतल्या बदनाम मशीनचं पत्र दारातूनच परत. सोबत त्याने लिहून ठेवलेला निरोपही आपोआप जायचा, रोमन लिपीत पण अस्सल मराठी. महिन्याभरात कचरा थांबला. गडी खूश.

त्याच हिवाळ्यात जळगावला भाचीचं लग्न झालं. पितांबरला पत्रिका आली नाही. आखाजीच्या सणाला तो थोरल्या बहिणीला, अक्काला, माहेरी आणायला गेला नव्हता. तिने तो राग असा काढला, असं त्याने धरलं. बोलावण्याशिवाय मामाने कसं जायचं? लग्नाच्या दिवशी तो घरात बसून राहिला.

वर्षभराने सर्व्हरच्या जुन्या नोंदी चाळताना एक ओळ दिसली. भाचा मगन जळगावच्या ज्या ऑफिसात होता, तिथल्या मशीनमधून कुणी परक्यानेच जाहिराती पाठवल्या होत्या. मशीन यादीत गेलं होतं. लग्नाआधी पंधरा दिवस मगनने पितांबरला ईमेलने पाठवलेलं पत्र परत गेलं होतं.

पितांबरचा जीव भांड्यात पडला. अक्काने बोलावलं होतं! भाचीसाठी साडी घेऊन त्याने जळगावची एसटी धरली.

"अक्का, तुना दोष नही, मना बी नही," तो ओट्यावरूनच म्हणाला. "मशीननी पत्रिका परत करी दिधी."

अक्काने पाण्याचा तांब्या पुढे केला. "परत उनी, ते माले माहीत शे."

"मंग दुसरी का नही धाडी?"

"मामानी जागावर शेजारना अन्वरभाऊ उभा राह्यना," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मग पेटीतून घड्या पडलेला कागद आणून तिने भावाच्या हातात ठेवला. "मगननी वाची दखाडं. खाले तुनं नाव शे."

रोमन लिपीतल्या दोनच ओळी होत्या.

'तुमचं पत्र या दारात नको. पुन्हा लिहू नका. – पितांबर.'