बिनवायरचं गाणं

बायको, जमनी, वारली त्याच साली दिवाळीनंतर अख्खा तांडा ऊसतोडीला निघून गेला, आणि फुलसावंगीजवळच्या त्या तांड्यात रिटायर झालेले बाबूसिंग गुरुजी एकटे उरले. पुण्यातल्या इंद्रजीतकडे बापासाठी पैसा होता, सवड नव्हती, म्हणून त्यानं भारीतला स्टिरिओ पाठवला. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून, वायर न जोडता, ओसरीतल्या स्टिरिओवर गाणं वाजायचं, आणि तेही स्टुडिओत गायलं तसंच्या तसं.

एक दिवस व्हिडिओ कॉल चालू असताना पोराला दिसलं, की बाप गाणं लावतो, गाणारी बाई सूर धरायच्या आत बंद करतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो.

"बा, चालवता येत नसन तर सांगा ना. साधा रेडिओ पाठवून देतो."

"येते चालवता. तुयापेक्षा बरं येते."

"मंग गाणं सुरू व्हायच्या आत बंद काहून करून राह्यले?"

गुरुजींनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि लगेच बंद केलं.



"गायच्या आधी ते बाई श्वास घेते ना, तेवढाच आयकतो. घरात कोणी हाये असं वाटते."