ओली बाग

रीताने रंगात तो लवकर वाळवणाऱ्या ड्रायरचे आणखी दोन थेंब टाकले आणि घड्याळ पाहिले. पावणेपाच. पाचला आई दुपारच्या झोपेतून उठणार.

समोर दाराएवढा प्लायवूड भिंतीला टेकून उभा होता. त्यावर एका परदेशी चित्राची नक्कल: खोली, टेबल, रिकामी खुर्ची, उघडी खिडकी आणि खिडकीबाहेर बाग. बागेतून एक पांढुरकी पायवाट उतरत आलेली. छापील चित्रावर चौकोन आखून रीताने एकेक चौकोन मोठा करून उतरवला होता. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला मोजून केलेले काम जमते. जमत नव्हते ते थांबणे. तेलरंग पाण्यासारखा उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतो, हे तिला पाठ होते. तरी दिवसातून दहा वेळा ती बोट लावून पाहत होती.

"म्याडम, तेलरंगाले घाई चालत नाही," असे तुलाराम पेंटर म्हणाले होते. एरवी ते दुकानांच्या पाट्या रंगवत. तिला शिकवायला आठवड्यातून एकदा येत.

घाई करणे भागच होते. रविवारी भाऊ कुंदन नागपूरहून येणार होता. आईची स्मृती गेली होती. आसगावची बांधी, म्हणजे धानाचे खाचर, विकून नऊ वर्षे झाली, हेही तिला आठवत नसे. मागच्या महिन्यात ती घरातून निघाली आणि भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर सापडली. "आणखी एकदा असं झालं तर मी तिले संस्थेत ठेवीन," कुंदनने फोनवर सांगितले होते. दार दारासारखे दिसले नाही तर अशी माणसे बाहेर जायची धडपड सोडतात, असे रीताने वाचले होते. चित्र वाळले की ते दाराला आतून ठोकायचे. आई बाग बघत बसेल.

पाच वाजले. आई उठली, पदर खोचला आणि कडी ओढू लागली. कुलूप खडखडले.

"आई, बस ना जरा."

"कशी बसू? बांधीतलं पानी जाऊन राहिलं असंल. धान सुकंल."

रोज हेच. तासभर कडी, मग रडणे. रीताने तिला खांद्याला धरून चित्रापुढे आणले.

"हे बघ, बाग."

आई वाकली. झाडांवरून, फुलांवरून नजर सरकत पांढुरक्या वाटेवर थांबली.

"कोनाची वो ही बांधी? धुरा फुटला, पानी वाहून राहिलं, अन् तू बसून पाहून राहिली?"

खिडकीच्या चौकटीसाठी काढलेला तपकिरी रंग तिने पॅलेटवरून हाताने ओरपला आणि फुटक्या बांधावर माती टाकावी तसा वाटेवर थापला. रीताचा हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. आई चिखल दाबावा तसा रंग दाबत होती, अंगठ्याने कडा बसवत होती. ते हात काहीच विसरले नव्हते. तीन आठवड्यांची पायवाट दोन मिनिटांत बुजली.

आईने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि पाय पसरून बसली.

"झालं. आता चहा टाक."

साडेपाच झाले. सहा झाले. कडी वाजली नाही.

आई आत गेल्यावर रीताने ड्रायरच्या बाटलीला बूच लावले आणि ती माळ्यावर ठेवून दिली. पातळ सुरीने तपकिरी थर खरवडून मधोमध चार बोटांची फट मोकळी केली. मग पॅलेटवर नवा तपकिरी रंग काढला आणि तो लवकर वाळू नये म्हणून त्यात जवसाचे तेल ओतले, तुलाराम रागावले असते इतके.

उद्या पाचला धुरा फुटलेला हवा होता, आणि माती ओली.