गुळाचं पाणी

अठ्ठ्याहत्तर साली पटकी आली आणि पलूसच्या शाळेत दवाखाना उघडला. गूळ करणाऱ्या नाथाजी गुळव्याच्या लेकीसाठी नर्सबाईंनी पाण्यात मीठ आणि गूळ कालवला. “आवं, पाण्यानं हगवण वाढंल की!” तो दचकला. नर्सबाई म्हणाल्या, “जंतूच्या विषानं आतड्याच्या पेशी मीठ बाहेर ओततात, मिठामागं पाणी जातं. गुळातली साखर दोन्ही परत आत ओढते. पाणी तोडलंत, तर पोर सुकून मरतं.” गेल्या साली हगवणीत नाथाजीनेच मुलाचं पाणी तोडलं होतं. घरात गुळाच्या ढेपा रचलेल्या असताना पोर तहानेने गेलं. बायकोने चोरून दोन घोट पाजले होते, म्हणून वर्षभर तो म्हणत आला, “तुज्या पाण्यानं मारलं.” त्या धास्तीने ती आता लेकीला पाणी पाजायला धजत नव्हती. “शाले,” तो शेजारी उभ्या बायकोला पुटपुटला, “तुजं बराबर हुतं. मीच मारलं त्येला.” तिने त्याला कोपराने ढकललं. “सरका. पोरगी तानेली हाय.”