भूल चढेपर्यंत

सुई टोचून झाली आणि डॉक्टरांनी निवडणुकीच्या निकालाचा विषय काढला. खुर्चीत त्यांच्या सासूबाई आडव्या होत्या, आ वासून. दंतवैद्याला याहून चांगला श्रोता मिळणं कठीण.

“बघितलंत ना आई, काय करून ठेवलं लोकांनी? डोळे मिटून खड्ड्यात उडी! अख्ख्या देशानं!”

सासूबाईंच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तो होकारच असणार, असं डॉक्टर धरून चालले. घरातली मतं त्यांनी केव्हाच धरून ठेवली होती: स्वतःचं, बायकोचं, मेव्हण्याचं आणि सासूबाईंचं. सगळी आपलीच.

निकाल बघत जागल्यामुळे त्यांचं डोकं ठणकत होतं. महिनाभर संध्याकाळी दवाखाना बंद ठेवून त्यांनी दारोदार पत्रकं वाटली होती, घसा बसेपर्यंत लोकांशी वाद घातले होते, आणि हाती आला होता भोपळा. राग कुणावर तरी निघायचाच होता. एरवी सुई दिल्यावर ते थांबत, पेशंटच्या ओठावर बोट टेकवून “जड वाटतंय का?” असं विचारत. शिवाय प्रत्येकाला बजावत, दुखलं तर डावा हात वर करा, मी तिथल्या तिथे थांबेन. हा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. आज ओठाचं विचारायचं राहूनच गेलं. बोलता बोलता ड्रिल सुरू झालं.

“अडाणी तरी किती असावं माणसानं!” ड्रिलच्या वर आवाज चढवून ते म्हणाले. “दोन गोड थापा मारल्या की निघाले मागोमाग, मेंढरं नुसती. लाज नाही, विचार नाही...”

सासूबाईंचा डावा हात वर आला.

“एक मिनिट आई, मला बोलू द्या. तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका.”

हात वरच होता. बोटं ताणलेली होती. डॉक्टरांनी तो बघितला, नाही असं नाही. पण त्यांना वाटलं, या मध्येच वाद घालतायत. आणि चिडून त्यांनी ड्रिल आणखी आत नेलं.

“डॉक्टर, हात!” कापूस घेऊन येणाऱ्या सिस्टर दारातूनच ओरडल्या.

ड्रिल थांबलं. सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. डॉक्टरांनी त्यांच्या ओठावर बोट टेकवलं. ओठ थरथरला. त्याला सगळं कळत होतं.

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आई, मला वाटलं तुम्ही वाद घालताय.”

सासूबाईंनी चूळ भरली, रुमालानं डोळे पुसले. “तोंडात तुमचं यंत्र असताना वाद घालायला मी काय वेडी आहे, जावईबापू?” मग जरा दम घेऊन म्हणाल्या, “पण आता विषय निघालाच आहे तर सांगते. त्या मेंढरांतली एक मी.”

सिस्टर ट्रेमधली अवजारं उगाचच सरळ लावायला लागल्या.

“तुम्ही? पण आई, मी तर धरून चाललो होतो की...”

“हो ना. मोजलंत मला. विचारलंत कुठं?”

“पण का?”

“आमची संध्याकाळची बस तुमच्या लोकांनी बंद केली. आजारी बहिणीकडून मी रोज अंधारात चालत घरी येते. जेवताना सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हसलात. म्हणालात, बससाठी कुणी मत देतं का?”

डॉक्टरांना ते जेवण आठवलं. आपलं हसणं आठवलं, आणि आपण हसल्यावर हसलेले बाकीचे सगळेही आठवले. महिनाभर परक्यांच्या कड्या वाजवत हिंडलो आणि घरचं माणूस अंधारातून पाय ओढत येत होतं. त्यांची मान वर होईना.

“मी दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी देतो,” ते पुटपुटले. “त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.”

“अर्धा दात कोरून ठेवलात आणि आता अंग काढून घेता होय? गुपचूप दुसरी सुई द्या. आणि तोंड एवढं पाडू नका. मत म्हणजे काय दात आहे, एकदा पडला की संपलं? पुढच्या खेपेला मी पुन्हा देणारच आहे. कुणाला ते बघू.”

डॉक्टरांनी सुई दिली. मास्क काढला आणि हात मांडीवर ठेवून ते स्टुलावर बसले. बोलण्याची सवय दांडगी, विचारण्याची मुळीच नाही. अखेर ते म्हणाले, “वाटेत दिवे तरी आहेत का?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा तर करत नाहीत ना, याची खात्री करून घेतली.

“पुलापर्यंत आहेत,” त्या म्हणाल्या, आणि सांगू लागल्या. पुलापलीकडचा उखडलेला रस्ता, भुंकत अंगावर येणारी कुत्री, सोबतीसाठी एकमेकींची वाट बघत थांबणाऱ्या बायका. भूल चढत गेली तसा त्यांचा ओठ एका बाजूला लोंबला, शब्द बोबडे व्हायला लागले. डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

“आता चढली असेल, डॉक्टर,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “सुरू करायचं?”

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. “त्यांचं बोलून व्हायचंय.”